पाहुण्यांच्या चपलांची तोंडं

मित्रांनो, देवळात उभ्या उभ्या हात जोडून निघून जाणारी माणसंसुद्धा माझ्यापुढे खाली वाकतात. आता लगेच मला देवीबिवी समजू नका. मी आहे तीन फळ्यांची एक जुनी चपलांची मांडणी. चेन्नईच्या पश्चिम तांबरममध्ये एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, बालाजीरावांच्या दाराबाहेर मी उभी असते. बुटाची नाडी सोडायला, सँडलचा पट्टा काढायला वाकावंच लागतं, एवढाच काय तो माझा मान!

माझा जन्म तसा मोठ्या घरचा बरं का. तंजावरला बालाजीरावांच्या वडिलांचा एक भला मोठा पलंग होता. त्याच्या फळ्या म्हणजे मी. बालाजीराव रेल्वेतून निवृत्त झाले आणि या दोन खोल्यांच्या घरात राहायला आले, तेव्हा पलंग काही दारातून आत जाईना. मग बाजारामागच्या सुब्बा सुताराला बोलावलं. त्याने मला कापलं, तासलं, ठोकलं आणि दाराबाहेर उभं केलं. पहिले काही दिवस मी रुसून होते. अंगाखांद्यावर माणसं निजवणाऱ्या मला आता चपला सांभाळायला लावल्या! बालाजीरावांच्या पत्नी हेमावती मला पुसताना म्हणाल्या, "काय हो, हिची बढती झाली की बदली?" बालाजीराव हसून म्हणाले, "बदली. पण हापीस चांगलं मिळालंय तिला. सगळं जग हितं येवोन थांबतं."

त्यांची मराठी अशीच, तंजावरची, जुन्या वळणाची. मधेच तमिळ शब्द येतो, मधेच असा शब्द येतो की तुमची पणजीसुद्धा कान टवकारेल. मला ती ऐकायला फार गोड वाटते.

आणि खरंच सांगते, सगळं जग माझ्यापाशी येऊन थांबलं. हळूहळू मला चपलांवरून माणूस ओळखायची सवय लागली. गुरू बालाजीरावच. जन्मभर फलाटावर उभं राहून त्यांनी गर्दीतले पाय बघितले होते. तोंड काय, कसंही करता येतं, म्हणायचे ते, पण टाच खोटं बोलत नाही. टाचेवर टाच दाबून बूट काढणारा माणूस उतावळा. एक चप्पल इकडे आणि एक तिकडे भिरकावणारा घरी लाडावलेला. तुटलेला अंगठा पिनेने जोडून वापरणारा कष्टाळू, आणि तोच जोड भरजरी साडीखाली लपवणारी मानी. मी सारं बघत होते, मनात साठवत होते. चहाड्या करायची मला सवय नाही, पण दिसतं ते दिसतंच ना!

बालाजीरावांची आणखी एक रीत होती. या गोष्टीचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं, म्हणून नीट ऐका. घरात कोणीही पाहुणा आला, आत जाऊन बसला, त्याच्या हातात कॉफीचा पेला गेला, की बालाजीराव काहीतरी निमित्त काढून हळूच बाहेर येत. गुडघ्यावर हात टेकून खाली बसत. पाहुण्यांच्या चपला दोन्ही हातांनी उचलून, झटकून, जिन्याकडे तोंड करून ओळीने लावत. म्हणजे निघताना पाहुण्याला उलटं वळून चाचपडायला नको. पाय घातला की चालू पडायचं. तंजावरला त्यांच्या घरी पंगत बसली की घरचा कर्ता पुरुष हे काम स्वतः करी, गड्यावर टाकत नसे. बालाजीरावांनी ते पुढे चालवलं. वळवता वळवता चपला वाचूनही होत, तो भाग निराळा!

आता त्यांच्या मुलीची गोष्ट सांगते. दिव्यश्री तिचं नाव. इथल्याच कॉलेजात शिकवायची. तिच्या सँडलवर कायम खडूची पांढरी धूळ असायची आणि ती त्या माझ्या मधल्या फळीवर हलक्या हाताने ठेवायची, मला लागेल की काय अशा बेताने. किती गुणी पोर! पण लग्न जमत नव्हतं. तंजावरच्या मराठी लोकांची घरं मोजकी, त्यात आवडनिवड, त्यात पत्रिका. मग कोणीतरी चेन्नईतल्याच अंबत्तूरचं स्थळ सुचवलं. मुलगा आशिष, ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. वडील गजेंद्र बँकेत; कुटुंब वर्षापूर्वीच महाराष्ट्रातून इकडे आलेलं. आई अलकनंदा मूळच्या साताऱ्याकडच्या. 'सून मराठी बोलणारी हवी' एवढीच त्यांची अट होती.

दोन हजार नऊची संक्रांत नुकतीच झाली होती. रविवारी सकाळी हेमावतींनी दारात मोठी रांगोळी घातली, आणि तिघं पाहुणे आले.

मी टक लावून बघत होते हो! आधी गजेंद्ररावांचे सँडल आले. ऐसपैस, पट्टे सैल, काही घाई नाही. म्हटलं, हा माणूस बायकोच्या मागून चालतो आणि त्यात सुखी आहे. मग अलकनंदाबाईंच्या कोल्हापुरी. कडक, करकरीत, आणि एका पट्ट्याला घरीच घातलेले बारीक, एकसारखे टाके. म्हणजे बाई काटकसरी, हाताने नीटस, पण जरा मोडेन पण वाकणार नाही अशा. मग आशिषचे काळे बूट. त्याने वाकून नाडी सोडली. टाच कुठे दबलेली नाही, चुरगळलेली नाही. आणि पॉलिश पुढून होतं तसंच मागूनही होतं! पुढून पॉलिश काय, सगळेच करतात. मागून करणारा विरळा.

आत केसरी, म्हणजे इकडचा शिरा, आणि गरम भजी झाली, कॉफी झाली, हसण्याचे आवाज आले. नेहमीप्रमाणे बालाजीराव बाहेर आले. खाली बसले. आशिषचा बूट हातात घेतला, फिरवून मागची बाजू बघितली आणि त्यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! कितीतरी वेळ ते तो बूट धरून बसले होते. मग तिन्ही जोड त्यांनी फार प्रेमाने जिन्याकडे तोंड करून, एका रेषेत लावले. आत जाताना मला थोपटून हळूच म्हणाले, "सेरी, ठरलं. पोरगा सोन्याचा हाय."

थोड्या वेळाने पाहुणे निघाले. अलकनंदाबाई सगळ्यांत आधी बाहेर आल्या. त्यांची नजर चपलांवर पडली आणि हसता चेहरा एकदम मिटला. त्यांनी कोल्हापुरी पायात सरकवल्या, दारातल्या हेमावतींना "येतो" एवढंच म्हणाल्या आणि तरातरा जिना उतरल्या. गजेंद्रराव आणि आशिष गोंधळून मागोमाग गेले.

जिन्यातला आवाज वर चढतो. मला सगळं ऐकू आलं.

"बघितलंत?" अलकनंदाबाई म्हणत होत्या. "कांदेपोहे केले नाहीत, ते सोडा. रीत वेगळी असेल. पण चपलांची तोंडं फिरवून ठेवली आपल्या! वाट दाखवली सरळ. याहून वेगळा नकार काय असतो?"

"अगं, वाऱ्याने फिरल्या असतील," गजेंद्रराव म्हणाले.

"वाऱ्याने? तीन जोड, एका ओळीत?"

"आई, पण आत तर सगळे छान बोलत होते," आशिषचा आवाज आला.

"तोंडावर छानच बोलतात रे लोक. आमच्याकडे नको असलेल्या माणसाच्या चपला अशाच वळवतात. पुन्हा या घराचं नाव काढायचं नाही."

देवा रे देवा! मला तोंड असतं तर मी तिथूनच ओरडले असते, 'अहो बाई, थांबा! हा नकार नव्हे, हा मान आहे!' पण लाकडाला कुठली वाचा? मी नुसती उभी राहिले. एवढा लाचारपणा मला पलंग तुटला तेव्हाही वाटला नव्हता.

फोन येईना. आज येईल, उद्या येईल, रथसप्तमी होऊन गेली तरी नाही.

"तुम्ही तरी करा की फोन," हेमावती म्हणायच्या.

"मुलाकडनं निरोप यायची रीत हाय. आपण कसं विचारायचं? नको असेल तर त्यांना ओशाळं होईल," बालाजीराव म्हणायचे. त्यांच्या आवाजातला जोर गेला होता. एकदा ते माझ्याजवळ पायरीवर बसले आणि स्वतःशीच पुटपुटले, "वाचायला चुकलो की काय मी? मागनं पॉलिश करणारा पोरगा असा गप कसा बसंल?" साऱ्या आयुष्याची विद्या खोटी ठरल्यागत ते बसून राहिले. तरी त्याच संध्याकाळी शेजारचे गृहस्थ आले, तेव्हा त्यांच्या चपला बालाजीरावांनी वळवून ठेवल्याच.

आणि दिव्यश्री? तिच्या सँडल आता कशाही पडायच्या. एक फळीवर, एक खाली. एका संध्याकाळी ती पट्टा सोडता सोडता उंबऱ्यावरच बसली. हेमावती बाहेर आल्या.

"काय झालं, कण्णा?"

"मला आवडला होता तो, अम्मा," दिव्यश्री म्हणाली. "त्याने मला काय विचारलं माहीत आहे? राग आला की तुम्ही कुठल्या भाषेत बोलता? मी म्हटलं, तमिळमध्ये. तर म्हणाला, मग मला तमिळ शिकायला हवं, नाहीतर मी नुसता हसत उभा राहीन." ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. हेमावतींनी तिला जवळ घेतलं. मित्रांनो, माझ्या फळ्या कितीतरी पावसाळ्यांत ओल्या झाल्या असतील, पण त्या दिवशी जसं वाटलं तसं कधी वाटलं नाही.

तेवढ्यात हेमावतींचे भाऊ, व्यासराजमामा, कोईमतूरचं स्थळ घेऊन आले. मुलगा चांगला, घर चांगलं, पुढच्या रविवारी बघायला येतात. व्यासराजमामांनी चपला काढल्या त्या थेट दिव्यश्रीच्या सँडलवर. हा आपला त्यांचा स्वभाव, मनाने वाईट नाहीत. "किती दिवस वाट बघणार? रविवारी होय म्हणून टाका," ते म्हणाले. दिव्यश्री आत निघून गेली. शेवटी बालाजीराव म्हणाले, "येऊ देत त्यांना."

झालं! म्हटलं, संपलं सगळं. एका ओळीत लावलेल्या चपलांपायी पोरीचा जीव असा टांगणीला लागावा! दोन्हीकडची माणसं भली. दोन्हीकडची माणसं गप्प. आणि खरं काय ते फक्त मला ठाऊक.

शनिवार उजाडला. संध्याकाळी फुलवाली अलमेलू गजरे घेऊन आली. हेमावतींनी तिला नेहमीसारखं आत बोलावून कॉफी दिली. तिच्या रबरी चपलांचा रंग कधीच उडाला होता, आणि एका पट्ट्याला पिन. बालाजीराव बाहेर आले. गुडघा धरून खाली बसले आणि तिच्या चपला उचलून जिन्याकडे वळवू लागले.

तेवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. धप्, धप्. बघते तर आशिष! अंगात कारखान्याचा गणवेश, पायात पुढून लोखंड घातलेले जाड बूट, त्यांवर ओरगडमची लाल धूळ. पाळी संपवून तसाच आला होता बिचारा. दोन पायऱ्या खाली तो थांबला आणि बघतच राहिला.

"काका," तो म्हणाला, "हे काय करताय?"

बालाजीराव दचकले. अलमेलूची चप्पल हातातच राहिली. "अरे, तुम्ही! या की, या. काही नाही, ही अलमेलू आत कॉफी पितेय. जाताना तिच्या डोईवर फुलांची टोपली असते, तिला वाकता येत नाही. म्हणोन वळवून ठेवतो."

"तुम्ही अशा… सगळ्यांच्याच वळवता?"

"आलेल्या सगळ्यांच्या. माझे अप्पा वळवायचे. पाहुण्याची वाट सोपी करावी म्हणायचे." मग जरा चाचरत त्यांनी विचारलं, "का हो? तुमच्याकडे नाही करत?"

आशिष मटकन पायरीवर बसला. आधी त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. तर तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"काका, त्या दिवशीपासून आमच्या घरात कोणी धड जेवलेलं नाही. आईला वाटलं, तुम्ही चपला वळवून आम्हाला वाटेला लावलं. आमच्याकडे तो अपमान असतो हो! मी आज एवढंच विचारायला आलो होतो, की माझ्यात कमी काय होतं?"

"अय्यो रामा!" बालाजीरावांनी कपाळावर हात मारून घेतला, तोही चप्पल धरलेला. "कमी? अरे, तुमच्या बुटाला मागनं पॉलिश होतं! मी घरात येवोन सांगितलं, पोरगा सोन्याचा हाय! आणि मीच तुम्हाला घालवलं? अगं हेमा! हेमावती! बाहेर ये आधी!"

हेमावती धावत आल्या. मागून कॉफीचा पेला हातात घेऊन अलमेलू आली. आणि सगळ्यांच्या मागे दारात दिव्यश्री उभी राहिली. आशिष उठून उभा राहिला. मग दिव्यश्री भडभडा तमिळमध्ये काहीतरी बोलली, रागाने, डोळे भरून. आशिषला एक अक्षर कळलं नसावं. तो नुसता हसत उभा राहिला. अलमेलू मात्र पदर तोंडाला लावून खुदूखुदू हसत होती, म्हणजे बोलणं काय असेल ते तुम्हीच समजून घ्या!

मग सगळे त्याला आत घेऊन गेले. थोड्या वेळाने बालाजीराव सवयीने बाहेर आले. त्याचे जड बूट दिसताच त्यांचा हात पुढे झाला आणि अधांतरी थांबला. वळवू की नको? या वयात माणसाला स्वतःच्या हाताची भीती वाटावी! आतून आशिषने बघितलं असावं. "वळवा, अप्पा," तो हाक मारून म्हणाला. "आता मला अर्थ कळतो." काकाचे अप्पा कधी झाले, त्याचं त्यालाही कळलं नसेल. बालाजीरावांनी बूट वळवले, वरची लाल धूळ आपल्या उपरण्याने पुसली आणि नाक ओढत आत गेले. व्यासराजमामांना फोन गेला, आणि कोईमतूरच्या लोकांची सगळं सांगून क्षमा मागितली गेली.

पुढच्या आठवड्यात अलकनंदाबाई आल्या. कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवीनात. "मला माफ करा हो, मी भलताच अर्थ काढला," असं म्हणाल्या. हेमावतींनी त्यांना कुंकू लावलं, ओटी भरली, आणि लग्न ठरलं. जाताना त्यांच्या कोल्हापुरी जिन्याकडे तोंड करून ठेवलेल्या होत्या. बाई त्यांच्याकडे बघत कितीतरी वेळ अनवाणीच उभ्या राहिल्या.

लग्नाची बोलणी करायला बालाजीराव आणि हेमावती अंबत्तूरला गेले, तेव्हाची गोष्ट मला इथेच कळली, कारण परत आल्यावर बालाजीराव आत गेलेच नाहीत. सँडल काढून माझ्याशेजारी पायरीवर बसले. रेल्वेच्या दिवसांपासूनचा तो जाड तळव्यांचा जोड त्यांनी मांडीवर घेतला. हेमावती कुलूप उघडता उघडता थांबल्या.

"हेमा, आपण निघालो तेव्हा माझ्या वहाणा वळवलेल्या होत्या. तू बघितलंस ना?"

"बघितलं. विहीणबाईंनी स्वतः वळवल्या. शेजारी खुर्चीही ठेवली होती."

"मला म्हणाल्या, 'बालाजीराव, उजवी टाच फार झिजलीय. गुडघा दुखतो ना तुमचा? बसून घाला सावकाश.'" त्यांनी झिजलेल्या टाचेवरून अंगठा फिरवला. "मुलाची आई ती! मुलीच्या बापाच्या वहाणांना हात लावला. अगं, साऱ्या जन्मात मी लोकांच्या टाचा वाचल्या. माझी कोणी वाचली नव्हती."

हेमावती पदर सावरून त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या आणि त्यांचा उजवा गुडघा हळूहळू चोळत राहिल्या.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले. माझा एक पाय डुगडुगतो, खालच्या फळीला वाळवी चाटून गेली आहे. मला पुसा, रंगवा असं मी म्हणत नाही. पण एक ऐका. चपलांवरून माणूस ओळखता येतो, हे खरं. पण ओळखून पुढे काय? टाच झिजलेली दिसली तर हसायचं, की खुर्ची सरकवायची? जा बरं, एकदा दाराबाहेर डोकावून या. आज तुमच्या घरी कोण आलंय, आणि त्याला जाताना वाकायला त्रास तर होणार नाही ना, ते बघा.